वायरवालं वेल्डिंग मशीन घरी आणलंय. टाका दिसतो बरा, पण हातोडीने सुटतो

अबोली

नमस्कार मंडळी,

चिपळूणला वाशिष्ठीच्या अंगाला आमची छोटी रोपवाटिका आहे. रोपांचे रॅक लोखंडी अँगलचे, २५ बाय २५ बाय ३. रोजचं पाणी आणि वर आपला पाऊस, त्यामुळे पाय खालून गंजतात. २०२१ च्या जुलैत पुराचा चिखल बसला तेव्हापासून तर निम्मे रॅक विटांच्या टेकूवर उभे आहेत. गावातला फॅब्रिकेटर चांगला आहे, पण दोन-चार टाक्यांसाठी तो तरी टेम्पो काढून कशाला येईल? "गणपती झाले की येतो," म्हणाला. कुठले गणपती ते मी विचारलं नाही.

म्हणून ऑनलाइन एक मशीन मागवलं. १४० अँपिअर लिहिलंय, गॅस लागत नाही, ०.८ ची फ्लक्सवाली वायर आपोआप पुढे येते. सोबत ऑटो-डार्क हेल्मेट आणि चामडी हातमोजे घेतले. व्हिडिओ बघून अँगलच्या तुकड्यांवर हात बसवतेय. अडचणी अशा :

टाका पसरत नाही, नुसता उंच बसतो. आजूबाजूला गोळ्या उडून चिकटतात, त्या छिन्नीने काढाव्या लागतात. टी जोड केला, वरून बघायला बरा वाटला, हातोडीचा एक घाव घातला तर अख्खा टाका एका बाजूने सुटून आला. शिवाय मध्येच एमसीबी पडतो. मशीन पंपाच्या एक्स्टेंशनवर लावलंय.

मशीनमध्ये खोट आहे का माझ्या हातात? सासरे म्हणतात रॉडचं मशीन घ्यायला हवं होतं. पुढे शेडनेटचे जीआय (जस्त चढवलेले) पाईप जोडायचेत (माकडांनी दोन खांब आडवे केलेत), आणि परसात दोनशे लिटरचं एक पिंप पडलंय, ते आडवं कापून त्याचं मातीसाठी घमेलं करायचा विचार आहे. आयटीआयला जाऊन वर्ष काढणं जमणार नाही, कृपया तो सल्ला नको.

---

उद्यमनगरकर

ताई, आधी पिंपाचं सांगतो, कारण बाकीचं चुकलं तर लोखंड वाया जाईल, हे चुकलं तर माणूस. त्या पिंपाला वेल्डिंग लावायचं नाही आणि ग्राइंडरही लावायचा नाही. ऑइल, डिझेल, थिनर, काय होतं ते आज कुणाला आठवत नसतं. धुतलं तरी शिवणीच्या घडीत थोडं राहतंच. तापलं की वाफ होते आणि बंद पिंपात एक ठिणगी पुरते. भंगारवाल्याकडून कापलेलं अर्धं पिंप आणा.

आता टाका. तुम्ही हातोडी मारून बघितलीत, इथंच तुम्ही निम्मं शिकलात. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात ऊस ट्रॉली करण्यात माझं आयुष्य गेलं. एकदा दुसरीकडं बनलेल्या ट्रॉलीची हुकाची प्लेट तुटून आमच्याकडं आली. टाका इतका देखणा की फोटो काढावा. उलटी करून बघितली तर प्लेटवर रोलिंग मिलमधून येतानाचा निळसर पापुद्रा जसाच्या तसा. म्हणजे खालचं लोखंड वितळलंच नव्हतं, वरून नुसतं ओतलेलं होतं, भिंतीवर शेणी थापल्यागत. रॉड लोखंडाला चिकटून बसतो, विझतो, हात बसला नसला की तसं तोंडावर सांगतो. वायर मात्र ट्रिगर दाबला की येतच राहते, खाली काही वितळो न वितळो. या मशीनची सगळी सोय तीच आणि सगळा धोकाही तोच.

तुमची लक्षणं वाचून माझी पैज पोलॅरिटीवर. मशीनच्या पुढं प्लस-मायनस अशी दोन टर्मिनलं असतील (काहींना बाजूचं झाकण उघडल्यावर आत दिसतात). गॅसवर चालणाऱ्या साध्या वायरीला टॉर्च (हातात धरायची मूठ, जिच्यातून वायर बाहेर येते) प्लसला लागतो, आणि पुष्कळ मशीनं तशीच जोडून येतात. तुमच्या बिनगॅसच्या फ्लक्स वायरीला उलटं पाहिजे : टॉर्च मायनसला, अर्थचा चिमटा प्लसला. वायरीच्या डब्यावर छापलेलं असतं, डीसीईएन किंवा 'डीसी मायनस'. प्लग काढून, थोडं थांबून अदलाबदल करा. आवाज लगेच बदलेल. आत्ता फट् फट् करत असेल, नंतर एकसारखा चर्रर्र येईल. मी आजही मशीन कानानं लावतो, डायलवरचा आकडा नंतर बघतो.

अर्थचा चिमटा रंगावर किंवा गंजावर लावू नका. ग्राइंडरच्या फ्लॅप डिस्कनं (घासायच्या चकतीनं) चार बोटं जागा चकचकीत करायची आणि चिमटा जोडाच्या जवळ लावायचा. टाका पडणार तिथलंही तसंच. नवा अँगल असला तरी काळा-निळा पापुद्रा खरवडायचा. मोठ्या मशीनला तो जाळून जाता येतं, तुमच्या छोट्याला नाही.

आत वायर ओढणारे रोलर बघा. फ्लक्स वायर आतून पोकळ असते आणि पोकळीत पावडर. तिला खाचखळगे असलेला दातेरी रोलर लागतो. फार आवळलात तर वायर चपटी होते, पुढं नोजलच्या टिपेत अडकते आणि मागं रोलरपाशी सगळा गुंता. आवळायचं माप सोपं आहे : हातमोजा घालून टॉर्च कोरड्या लाकडावर दोन-अडीच इंचावर धरा नि ट्रिगर दाबा. वायर लाकडाला टेकून वाकली पाहिजे. टॉर्च अगदी जवळ नेला तर रोलरवर घसरली पाहिजे. ट्रिगर दाबलेला असताना वायरीत करंट असतो हे विसरायचं नाही.

धरायचं कसं : टिपेपासून जोडापर्यंत साधारण १२ ते १५ एमएम अंतर, टॉर्च १०-१५ अंश कललेला, आणि टाका ओढत न्यायचा, ढकलत नाही. या वायरीचा स्लॅग, म्हणजे टाक्यावर जमणारी मळी, होतो. ढकललात तर तो पुढं पळतो आणि टाक्यात अडकतो. नजर झगमगाटावर ठेवू नका. त्याच्या मागं वितळलेल्या लोखंडाचं छोटं डबकं असतं, ते बघा. डबक्याची कड दोन्ही अँगलांना भिजवतेय का? एकच बाजू भिजत असली तर टॉर्च दुसरीकडं वळवा. तुमचा टाका एकाच बाजूनं सुटला म्हणता, त्यात हेही असणार.

सेटिंग : ढोबळ हिशेब १ एमएम जाडीला ४० अँपिअर. या वायरीला ३ एमएम अँगलवर शंभर-एकशेदहापासून सुरू करा, १६ गेजच्या (साधारण दीड एमएम जाड) पाईपला साठ-सत्तर. दोन वेगळी बटणं असतील तर वायरीचा वेग म्हणजेच अँपिअर समजा. व्होल्टेज टाका पसरवतं. टाका उंच-अरुंद बसतो तेव्हा व्होल्टेज कमी पडतंय किंवा वायर जास्त येतेय.

डब्यावर ई७१टी-जीएस लिहिलं असेल तर ती वायर एकाच थराची. एकावर एक थर चढवायचे असतील तर ई७१टी-११ मागवा. काम संपलं की वायर बाहेर ठेवू नका, उरलेली रीळ सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात. तुमच्या चिपळूणच्या हवेत आठवड्यात लाल होईल, आणि गंजकी वायर टॉर्चच्या नळीत भुगा सोडते.

परीक्षा तीच चालू ठेवा. टी जोडाला एकाच बाजूनं टाका, पाना-शिकंज्यात धरा आणि टाक्यावर आडवा करून मोडा. टाका मधून फाटला किंवा अँगलच वाकला तर ठीक. गुळगुळीत सुटला तर परत. जोड आडवा करवतून, कानशीनं घासूनही बघा. दोन तुकड्यांमधली काळी रेघ टाक्याच्या पोटात शिरलेली दिसली तर तेवढं जुळलेलं नाही.

---

फेज_न्यूट्रल

एमसीबीचं मी बोलतो.

मशीनचं बटण दाबताक्षणी पडतो, का वेल्डिंग करताना मिनिट-दोन मिनिटांनी? बटण दाबताक्षणी असेल तर इन्व्हर्टर मशीनमधले कपॅसिटर चार्ज होताना एकदम करंट ओढतात, आणि घरात बसवलेला एमसीबी बी टाइपचा असू शकतो. बी टाइप तिप्पट ते पाचपट करंटला झटक्यात पडतो, सी टाइप पाच ते दहापटीला. सी टाइप लावून घ्या. थोड्या वेळाने पडत असेल तर तो ओव्हरलोड आहे, आणि तेव्हा एमसीबी त्याचं काम करतोय. तिथे मोठा एमसीबी बसवून मागे तीच बारीक वायर ठेवणं म्हणजे घराला काडी लावणं.

हिशेब बघा. १०० अँपिअर आउटपुटला १९ व्होल्ट धरले तर १.९ किलोवॅट. मशीनमधली घट आणि पॉवर फॅक्टर धरून घरच्या बाजूने १५ अँपिअरच्या आसपास जातात. म्हणजे १६ अँपिअरचा मोठा सॉकेट काठोकाठ भरला. डायल १४० ला फिरवलात तर पडणारच, भले मशीनवर काहीही छापलेलं असो.

आता ते एक्स्टेंशन. पंपाचं म्हणजे तीसेक मीटर असेल आणि आत १ स्क्वेअर एमएमची तार. १६ अँपिअरला त्या वायरीतच अठरा व्होल्टच्या आसपास खर्च होतात. दुपारी तुमच्याकडे मुळात २०० येत असतील तर मशीनला मिळणार १८०. मग टाका कसा भिजेल? अर्धी खोट इथेच असणार. डीबीपासून (घराच्या मुख्य एमसीबी बोर्डापासून) वेगळी ४ स्क्वेअर एमएमची लाइन टाकून शेडजवळ मोठा सॉकेट घ्या. ते होईपर्यंत २.५ ची आखूड एक्स्टेंशन, तीही पूर्ण उलगडून. भेंडोळं ठेवलं की आत तापून प्लास्टिक वितळतं.

अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवा. रोपवाटिकेत जमीन कायम ओली. कोरडी फळी पायाखाली, चामड्याचे किंवा जाड रबरी तळाचे बूट, आणि पाऊस लागला की मशीन बंद, टाका अर्धा राहिला तरी.

---

जुनाजाणता

सासरे बरोबर आहेत. आधी रॉड शिकावा. बारा नंबरचा (साधारण अडीच एमएम जाड) ६०१३ रॉड, साधं मशीन, हात आपोआप बसतो. ही वायरवाली मशीनं म्हणजे खेळणी.

---

उद्यमनगरकर

जुनाजाणता, मीही रॉडवरच शिकलोय, पण ताईंना ट्रॉली करायची नाही, रॅकचे पाय आणि पुढंमागं १६ गेज पाईप जोडायचाय. १६ गेजवर नवशिक्यानं बारा नंबर रॉड लावला की भोकंच भोकं. वायरीला ट्रिगर सोडला की थांबता येतं. खेळणं म्हणायचं तर म्हणा, पण गॅरेजवाले गाड्यांचे पत्रे वायरवाल्या मशीनवरच जोडतात. गॅसवालं घेतलं असतं तर सिलिंडर, रेग्युलेटर, आणि उघड्यावर वारा आला की गॅस उडून टाक्यात भोकं. ताईंचं काम अंगणात आहे. बिनगॅसचं घेतलं ते बरं केलं.

---

मिशिगनकर

वाचतोय, मस्त चाललाय धागा. इकडे घरातल्या गॅरेजमध्ये अशी छोटी फ्लक्स वायरची मशीनं बरीच दिसतात. आमची पंचाईत वेगळीच : साधा प्लग १२० व्होल्टचा, त्यामुळे छोटी मशीनं नव्वद अँपिअरच्या आसपास दमतात. तुम्हाला २३० व्होल्ट मिळतात, त्या बाबतीत नशीबवान आहात.

हेल्मेटबद्दल कुणी बोललं नाही म्हणून : काचेचा काळेपणा, म्हणजे शेड नंबर, १० पासून सुरू करा, फार अंधारलं तर ९, झगमगलं तर ११. रोज सुरुवातीला उन्हाकडे काच करून ती काळी होते का बघायची. सेन्सरवर हातमोजा आला की ती उजळते, तेही ध्यानात ठेवा. मी इथल्या कम्युनिटी कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गाला गेलो होतो, तिथे पहिला धडा टाक्याचा नव्हताच, कपड्यांचा होता. सुती, पूर्ण बाह्यांचे, खिसे झाकलेले. टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं.

---

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार! पोलॅरिटी उलटीच होती. बदलली, आणि उद्यमनगरकर काका, आवाज खरंच बदलला. सासरे आतून विचारायला आले की आता काय केलंस. मशीन पंपाच्या एक्स्टेंशनवरून काढून ओसरीच्या मोठ्या सॉकेटवर आणलं, डायल १०० वर. एमसीबी अजून पडला नाही. वेगळ्या लाइनसाठी वायरमनला सांगितलंय. टी जोड मोडायला आता शिकंज्यात लोंबकळावं लागतं, आणि अँगल वाकतो.

पिंप भंगारात दिलं.

आता तीन प्रश्न. रॅकच्या जुन्या पायाला नवा तुकडा जोडताना जुना भाग गंजून पातळ झालाय, तिथे भोक पडतं. जीआय पाईपचं काय करू? आणि आजूबाजूची पोरं बघायला जमतात, त्यांना हाकललं तरी कुंपणापलीकडून बघतात.

---

उद्यमनगरकर

पोरांचं आधी. रोपवाटिकेत जुनं ताडपत्रीचं कापड असेलच, ते टांगून आडोसा करा. लांबूनसुद्धा डोळ्यांना वेल्डिंग लागतं. त्या वेळी काही कळत नाही, रात्री झोपेतून उठवतं : डोळ्यांत वाळू टोचते, पाणी थांबत नाही, उजेड सहन होत नाही. एक-दोन दिवसांत बहुधा बरं होतं, पण बटाट्याच्या चकत्या आणि दूध घालत बसू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. बधिर करणारे थेंब दुकानातून आणून घालायचे नाहीत, त्यानं जखम भरायला वेळ लागतो. आणि मंडपाभोवतीचा पातेरा झाडून काढा, बादलीभर वाळू जवळ ठेवा. काम संपल्यावर अर्धा तास तिथंच काहीतरी करत रहा. ठिणगी धुमसत बसते आणि सगळे जेवायला गेले की पेटते.

गंजलेला पाय : पातळ झालेलं लोखंड वाचवायला जाऊ नका. हातोडीनं टोकत वर या, जिथं टणटण आवाज येतो तिथं कापा, आणि तुकडा त्याला जोडा. गंज पुरात चिखल बसला त्या उंचीपर्यंत असणार, म्हणजे वाटतो त्यापेक्षा वर. भोक पडलंच तर मागून तांब्याची जाड पट्टी दाबून धरा. तांब्याला टाका चिकटत नाही आणि ते उष्णता ओढून घेतं. अर्ध्या सेकंदाचे टाके एकमेकांवर थोडे थोडे चढवत भोक बुजवा. पाय जोडताना एकदम पूर्ण टाका ओढायचा नाही. चारही पायांना आधी एकेक टॅक (धरून ठेवण्यापुरता छोटा टाका), मग कर्ण मापा, दोन्ही सारखे आले की समोरासमोरच्या पायांना आळीपाळीनं. नाहीतर रॅक एका अंगाला ओढला जातो आणि तुम्हाला वाटतं फरशीच वाकडी.

जीआयचं माझं मत स्पष्ट आहे : जोडू नका. जस्त ९०७ अंशाला उकळतं, लोखंड वितळायला त्याहून कितीतरी जास्त तापमान लागतं. म्हणजे टाका पडायच्या आधी जस्ताचा पांढरा धूर उठणार, आणि बाहेरून कितीही घासलं तरी पाईपच्या आतला थर राहतोच. तो धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप, अंगदुखी, तोंडाला गोडसर धातूची चव. बहुतेकांना एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणून कामगार त्याला फारसं मोजत नाहीत. गूळ-दूध पिऊन तो थांबतो ही समजूत आहे, काही थांबत नाही. शेडनेटच्या पाईपांना नटबोल्टचे क्लॅम्प मिळतात, पॉलीहाऊसवाल्यांकडे असतात. माकडांनी परत पाडलं तर पान्यानं सोडवून परत उभंही करता येईल. एखादा जोड अगदीच अडला तर दोन्ही अंगांनी इंचभर जस्त घासून काढा, उघड्यावर, वारा बाजूनं येईल असं उभं राहा, हेल्मेटच्या आत एफएफपी२ मास्क घाला. डोकं धुराच्या वर कधीच नाही.

आणि जोडलेल्या जागेला त्याच दिवशी स्लॅग ब्रशनं साफ करून झिंक रिच प्रायमर लावा, नंतर रंग. उद्या लावू म्हणालात तर सकाळी तांबडा झालेला असेल, मग परत घासावं लागेल. अँगल ओल्या जमिनीत पुरू नका. खाली विटेऐवजी सिमेंटचा ठोकळा ओता आणि पायाच्या तळाला ५ एमएमची छोटी प्लेट जोडा. ५ एमएम तुमच्या मशीनला जड जाईल, म्हणून टॉर्च जास्त वेळ प्लेटवर रोखा नि अँगलला नुसता शिवून या. आधी एक प्लेट जोडून मोडून बघा, मग बाकीच्या.

---

फेज_न्यूट्रल

ताई, वायरमन आला की त्याला शेडच्या सॉकेटला झाकणवाला, पावसात चालणारा डबा लावायला सांगा. न सांगता लावत नाहीत.